छतरी

राजस्थानात 'छतरी' या शब्दाचे तीन अर्थ आहेत. ऊन-पावसात डोक्यावर धरायची ती छतरी. राजे, सरदार, शेठ-सावकार यांच्या दहनभूमीवर अथवा हवेलीच्या माथ्यावर चार, सहा किंवा आठ खांबांवर उभारलेली घुमटी तीही छतरीच. आणि गेल्या तीस-पस्तीस वर्षांत घरोघरच्या गच्चीवर येऊन बसलेली, उपग्रहाकडे तोंड करून असलेली धातूची तबकडी हा तिसरा अर्थ. यांपैकी पहिले दोन अर्थ मराठीला परके नाहीत. पुण्याजवळ वानवडीला महादजी शिंद्यांची छत्री आहे, इंदूरला होळकरांच्या छत्र्या आहेत. तिसरा अर्थ मात्र मराठीने स्वीकारला नाही. आपल्याकडे 'डिश' हा आयता शब्दच रूढ झाला आणि लिहिणाऱ्यांनी 'तबकडी' पसंत केली. हिंदी लोकभाषेने केलेले नामकरण अधिक डोळस म्हणावे लागेल. छतरी आकाश अडवते आणि तबकडी आकाश झेलते, हा दोहोंमधला विरोध त्या भाषेला दिसला नसेल असे नाही. वाऱ्याने उलटी झालेली छतरी कोणी पाहिली नाही? पण लोकांनी हेही पाहिले असावे, की दोन्ही वस्तू घराच्या माथ्यावर असतात आणि दोन्ही वस्तू रस्त्यावरून जाणाऱ्याला घरमालकाची ऐपत सांगतात.

जयपूरच्या संदर्भात या शब्दाला आणखी एक वजन येते. गेटोर येथे कछवाह राजांच्या छतऱ्या आहेत. त्यांतली सवाई जयसिंहाची संगमरवरी छतरी विशेष देखणी. याच राजाने १७२७ मध्ये आमेरच्या डोंगरातून खाली सपाटीवर येऊन नवे शहर वसविले, विद्याधर भट्टाचार्य या बंगाली पंडिताच्या साहाय्याने त्याची आखणी केली, आणि रहिवाशाच्या खासगी घराच्या दर्शनी बाजूवर शहराचा हक्क असतो, ही कल्पना आपल्या देशात फार लवकर व फार ठामपणे अमलात आणली. मुख्य बाजारांतील दुकानांच्या रांगा राज्याने ठरवून दिल्या. व्यापाऱ्याने आत काय करावे हा त्याचा प्रश्न; बाहेरची कमान, सज्जा, उंची ही शहराची. पुढे १८७६ मध्ये इंग्लंडचा युवराज येणार म्हणून सवाई रामसिंहाच्या काळात शहराला गेरूसारखा तांबूस रंग देण्यात आला. स्वागतापुरता दिलेला तो रंग पुढे नियम झाला. १९४२ ते १९४६ या काळात दिवाण असलेल्या मिर्झा इस्माईल यांनी शहराचे रूप सावरण्याचा पुष्कळ उद्योग केला. त्यांच्या नावाचा रस्ता आजही शहराचा मुख्य रस्ता आहे. स्वतंत्र भारतात नगरपालिकेच्या उपविधींनी परकोटाच्या आतील इमारतींचा रंग व दर्शनी भाग यांवर बंधने घातली आणि या शतकाच्या आरंभी 'ऑपरेशन पिंक' या नावाने बाजारांचे बरामदे अतिक्रमणांतून मोकळे करण्यात आले. राजा गेला, दिवाण गेला, नगरपालिकेची महानगरपालिका झाली; पण घराचा चेहरा घरमालकाच्या एकट्याचा नव्हे, हा विचार पावणेतीनशे वर्षे टिकून राहिला.

अशा शहरात डिश अँटेना आली, तेव्हा तिच्याविषयी पहिला प्रश्न 'ती कशी दिसते' हा विचारला जाईल असे वाटणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात विचारला गेला तो निराळाच प्रश्न.

त्यासाठी थोडे मागे जावे लागते. राजस्थानच्या खेड्यांनी तबकडी प्रथम पाहिली ती १९७५ मध्ये. त्या वर्षीच्या १ ऑगस्टपासून पुढील वर्षाच्या ३१ जुलैपर्यंत 'साइट' हा उपग्रह-शिक्षणाचा प्रयोग सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत झाला. त्यांत राजस्थान होते. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह, अहमदाबादेत बसविलेली आपली यंत्रणा, आणि खेड्यातील शाळेच्या किंवा पंचायतीच्या इमारतीवर तारेच्या जाळीची सुमारे १० फूट व्यासाची तबकडी, असा तो सरंजाम होता. ती छतरी सरकारी होती. तिच्यातून शेती, आरोग्य व शिक्षण उतरत असे, आणि तिच्यासाठी परवाना कोणी कोणाला मागावा हा प्रश्नच नव्हता. कारण देणारा आणि घेणारा एकच होता.

१९९१ च्या आरंभीच्या आखाती युद्धाने हे चित्र पालटले. मोठ्या हॉटेलांनी युद्धाची दृश्ये दाखविण्यासाठी तबकड्या बसविल्या. त्याच वर्षी स्टार वाहिन्या सुरू झाल्या. ऑक्टोबर १९९२ मध्ये झी ही हिंदी वाहिनी आली. मोहल्ल्यातल्या कोणा उद्योगी तरुणाने गच्चीवर आठ-दहा फुटी छतरी उभारावी, खाली एक यंत्र ठेवावे आणि विजेच्या खांबावरून, झाडावरून, या गच्चीवरून त्या गच्चीवर तार फेकीत शंभर-दोनशे घरे जोडावीत, हा व्यवसाय पाहता पाहता देशभर फोफावला. त्याला 'केबलवाला' हे नाव मिळाले. दूधवाला, पेपरवाला यांच्या पंक्तीला तो जाऊन बसला. त्याच्याजवळ ना पदवी होती ना परवाना. किंबहुना असा परवाना असतो हेच त्याला ठाऊक नव्हते.

राजस्थानात एका जिल्हा दंडाधिकाऱ्याने हे केबलचे जाळे बंद करण्याचा आदेश दिला आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. 'शिव केबल टीव्ही सिस्टिम विरुद्ध राजस्थान राज्य' या नावाने १९९३ च्या निवाड्यांत ते नोंदले गेले आहे. व्यावसायिकांचे म्हणणे असे, की हा आमचा धंदा आहे आणि धंद्याचे स्वातंत्र्य संविधानाने दिले आहे. न्यायालयापुढे मात्र दोन जुने कायदे होते: १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी यंत्रांविषयीचा कायदा. पहिला व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीतला. दुसरा भारतात नभोवाणी बाल्यावस्थेत असतानाचा. न्यायालयाने ठरविले, की केबलचे हे जाळे व त्याच्या मुळाशी असलेली तबकडी बिनतारी यंत्राच्या व्याख्येत येते. सबब परवाना हवा आणि परवान्यावाचून ते चालविणे हा कोणाचा मूलभूत हक्क नव्हे.

कायद्याच्या शब्दांचा विचार केला तर हा निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. १९३३ च्या त्या कायद्याखाली एके काळी घरातल्या रेडिओलाही परवाना लागत असे. टपाल कार्यालयात जाऊन दरवर्षी शुल्क भरायचे, लहानशा पुस्तकात तिकिटे चिकटवून शिक्का मारून घ्यायचा, हे आज साठी ओलांडलेल्यांना आठवत असेल. १९८० च्या दशकाच्या मध्यात ती पद्धत संपली. रेडिओला लागत होता तो परवाना तबकडीला लागणार नाही असे कोणत्या तोंडाने म्हणावे? परंतु या निवाड्यात एक गोष्ट ठळकपणे जाणवते. तबकडी कोणाच्या मालकीच्या गच्चीवर आहे, तिच्या वजनाने जुने छत खचेल काय, शेजाऱ्याचा प्रकाश अडतो काय, शहराच्या दर्शनी रेषेत ती खुपते काय, हे जे प्रश्न नगराने विचारायला हवेत, ते तेथे अप्रस्तुत होते. तिच्यातून काय उतरते आणि उतरवून घेण्याची अनुज्ञा कोणी दिली, एवढाच प्रश्न होता. छतरी गच्चीवर होती; तिच्यावरचा हुकूम मात्र दिल्लीत शोधावा लागत होता.

या निवाड्याने जी अडचण निर्माण झाली, तिच्यातूनच पुढचा कायदा आला. लाखो घरे ज्या व्यवसायाला जोडली गेली होती तो सारा बेकायदा ठरवून चालणार नव्हते. सप्टेंबर १९९४ मध्ये अध्यादेश निघाला आणि १९९५ मध्ये केबल दूरचित्रवाणी जाळ्यांच्या नियमनाचा अधिनियम झाला. केबलवाल्याने मुख्य टपाल कार्यालयात जाऊन नाव नोंदवावे, अशी व्यवस्था ठरली. रेडिओच्या परवान्याचे पुस्तक जिथे मिळे तिथेच पुन्हा नोंदणी. सरकारी व्यवहारात जुन्या वाटा अशा सहसा बुजत नाहीत. त्याच वर्षी फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या प्रकरणात आकाशलहरी ही सार्वजनिक संपत्ती आहे, असा निर्वाळा दिला. त्या लहरी सरकारच्या मालकीच्या नाहीत आणि कोणा धनिकाच्याही नाहीत, हा त्याचा आशय.

आशय उदात्त खरा. पण दोनच वर्षांनी, जुलै १९९७ मध्ये, केंद्र सरकारने ४८०० मेगाहर्ट्झच्या वरील कंप्रतेवरचे संकेत घेणारी उपकरणे परवान्यावाचून बाळगण्यास मनाई केली. ही मनाई थेट घरात उतरणाऱ्या प्रक्षेपणाला, म्हणजे लहान तबकडीला होती. यातला विनोद समजण्यासाठी थोडे पदार्थविज्ञान लागते. ४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेसात सेंटिमीटर; १२ गिगाहर्ट्झच्या लहरीची अडीच. लहर जितकी आखूड तितकी ती झेलायला लहान भांडे पुरते. केबलवाल्याची छतरी आठ-दहा फुटी असे ती याचमुळे, आणि नंतर घरोघर आलेली छतरी दोन फुटी असते तीही याचमुळे. १९९७ ते २००० या काळात परिस्थिती अशी होती, की दुरून डोळ्यांत भरणारी, जुन्या छतावर ओझे घालणारी प्रचंड छतरी कायद्याला चालत होती आणि कठड्याआड सहज दडणारी लहान छतरी निषिद्ध होती. नोव्हेंबर २००० मध्ये सरकारने थेट प्रक्षेपणाला संमती दिली, २००३ मध्ये पहिली खासगी सेवा सुरू झाली, डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची निःशुल्क सेवा आली, आणि मग जयपूरच्या काय, साऱ्या देशाच्या गच्च्यांचे रूप बदलले.

याच काळात समुद्रापलीकडे नेमकी उलटी गोष्ट चालली होती, ती येथे सांगण्याजोगी आहे. अमेरिकेत तबकडीतून काय उतरते याची चिंता कोणाला नव्हती. चिंता होती ती गल्लीच्या शोभेची. वसाहतींच्या संघांनी व स्थानिक संस्थांनी तबकड्यांना बंदी घातली, तेव्हा १९९६ च्या दूरसंचार कायद्याच्या आधारे तेथील संघीय आयोगाने नियम केला, की सुमारे एक मीटरपर्यंतच्या तबकडीला स्वतःच्या मालकीच्या जागेत कोणी अडवू नये. अपवाद दोनच, सुरक्षितता आणि ऐतिहासिक वास्तूंचे जतन. १९९९ पासून हा हक्क भाडेकरूलाही, त्याच्या स्वतंत्र वापरातल्या सज्जापुरता, मिळाला.

स्वीडनमधील एक प्रकरण याहून बोलके आहे. स्टॉकहोमच्या एका उपनगरात इराकी वंशाचे एक जोडपे तीन मुलांसह भाड्याच्या सदनिकेत राहत होते. अरबी व फार्सी कार्यक्रम दिसावेत म्हणून ते भिंतीवरची तबकडी वापरीत. करारात बाहेर अँटेना लावू नये असे कलम होते. मालकाने हरकत घेताच त्यांनी ती भिंतीवरून काढली आणि लोखंडी स्टँडवर बसवून स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर डोकावेल अशी ठेवली. तरीही त्यांना घर सोडावे लागले. युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने १६ डिसेंबर २००८ रोजी निकाल दिला, की माहिती मिळविण्याच्या त्यांच्या स्वातंत्र्याचा येथे भंग झाला आहे. आपल्या मायभूमीशी, तिच्या भाषेशी व संस्कृतीशी संबंध राखणे ही परदेशी राहणाऱ्या कुटुंबाची, विशेषतः लहान मुले असलेल्या कुटुंबाची, क्षुल्लक गरज नव्हे. भाडेकराराचे एक कलम आणि स्वयंपाकघराची एक खिडकी यांच्यामध्ये भाषेचा प्रश्न उभा राहावा, हे वकिलांपेक्षा साहित्याच्या विद्यार्थ्यांनी वाचावे असे प्रकरण आहे.

तो प्रश्न जयपुरातही होता. त्याच्यावर खटला झाला नाही इतकेच. जयपूरचा आणि महाराष्ट्राचा संबंध शहराच्या पायाभरणीइतका जुना आहे. सवाई जयसिंहाचे गुरू रत्नाकर पौंडरीक हे महाराष्ट्रीय. ब्रह्मपुरीतली पुंडरीकांची हवेली त्यांच्या नावाने ओळखली जाते. अरबीतून टॉलेमीचा ग्रंथ 'सम्राट् सिद्धान्त' या नावाने आणि युक्लिडचा 'रेखागणित' या नावाने संस्कृतात आणणारे जगन्नाथ पंडितही महाराष्ट्रीय मानले जातात. बाजीराव पेशव्यांच्या मातोश्री राधाबाई १७३५ मध्ये तीर्थयात्रेला निघाल्या, तेव्हा या शहराने त्यांचा आदराने पाहुणचार केला. आणि जानेवारी १७५१ मध्ये, ईश्वरीसिंहाच्या आत्महत्येनंतर, नवे शहर पाहायला परकोटाच्या आत गेलेल्या मराठ्यांची दरवाजे लावून कत्तल झाली, तीही याच रस्त्यांवर. संबंध म्हटला की त्यात दोन्ही आले.

अलीकडच्या काळात जयपुरात आलेले मराठी माणूस नोकरीच्या निमित्ताने आलेले: रेल्वे, बँका, विद्यापीठ, केंद्र सरकारची कार्यालये. त्याच्या घरात मराठी होती ती बोलण्यात, कालनिर्णयाच्या पानावर आणि टपालाने उशिरा येणाऱ्या दिवाळी अंकांत. मुले शाळेत हिंदी व इंग्रजी शिकत. १५ ऑगस्ट १९९४ रोजी दूरदर्शनची मराठी उपग्रह वाहिनी सुरू झाली, जिला २००० साली 'सह्याद्री' हे नाव मिळाले. १९९९ च्या १५ ऑगस्टला 'अल्फा मराठी' आली, तीच पुढे 'झी मराठी'. पण आकाशात असणे वेगळे आणि घरात उतरणे वेगळे. जयपूरच्या केबलवाल्याच्या तारेतून कोणत्या वाहिन्या याव्यात हे त्याच्या गल्लीतल्या ग्राहकांची बहुसंख्या ठरवीत असे, आणि त्या बहुसंख्येत मराठी घर एखादेच. 'आपके लिए एक घर के लिए कैसे लगाऊँ?' हा त्याचा प्रश्न त्याच्या हिशेबाने रास्तच होता. लहान छतरीने हा हिशेब मोडला. दोन फुटी तबकडी, एक पेटी, आणि परप्रांतातल्या गच्चीवर मराठी उतरू लागली. नातवाला ओव्या ठाऊक नसतात, अभंग ठाऊक नसतात. निदान आजीबरोबर बसून ऐकलेले रोजच्या वापरातले मराठी कानांवर पडू लागले. त्या मालिकांचा वाङ्मयीन दर्जा काय होता, हा प्रश्न येथे अलाहिदा ठेवलेला बरा. समीक्षकांनी त्याचा निकाल केव्हाच लावला आहे आणि तो मालिकांच्या बाजूने नाही. पण परमुलखातल्या घरात भाषा टिकते ती श्रेष्ठ साहित्याने थोडी आणि बडबडीने अधिक, हेही समीक्षकांनी मान्य करायला हवे.

आता ही छतरी लावायची कुठे? भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या पातळीत सुमारे ३६ हजार किलोमीटरवर असतो. ज्या ९३.५ अंश पूर्व रेखांशावर इन्सॅट मालिकेतले उपग्रह राहिले आहेत, ती जागा जयपूरहून आग्नेयेकडे, क्षितिजापासून सुमारे ५३ अंश वर दिसते. (आग्नेय ही वास्तुशास्त्रात अग्नीची, चुलीची दिशा, नव्या चुलीनेही तीच निवडावी हा योगायोग.) ५३ अंश म्हणजे पुरेशी उंची. लंडनहून तेथील प्रचलित उपग्रह याच्या जेमतेम निम्म्या उंचीवर दिसतो. म्हणून तिकडे तबकडी भिंतीवर लावावी लागते आणि भिंत रस्त्याकडची असेल तर नगरसंस्थेशी गाठ पडते. जयपुरात तसे नाही. गच्चीच्या चार फुटी कठड्यापासून तीन फूट मागे सरले, की जमिनीवर ठेवलेल्या तबकडीलाही उपग्रह मोकळा दिसतो आणि खाली बाजारातून चालणाऱ्याला ती तबकडी दिसत नाही. राजाची दर्शनी रेषा अबाधित राहते आणि आजीची मालिकाही.

इतके सोपे असताना परकोटातल्या सज्जांवर आणि झरोक्यांशी छतऱ्या का लटकल्या? कारण गच्ची सर्वांची नसते. या हवेल्या एका कुटुंबासाठी बांधलेल्या. पिढ्यांमागून पिढ्या वाटण्या झाल्या, चौकाभोवतीच्या खोल्या भाऊबंदांत व भाडेकरूंत विभागल्या गेल्या, खाली दुकान, वर गोदाम, मागे बिऱ्हाड. गच्ची ज्याच्या वाट्याला त्याचीच. संक्रांतीला १४ जानेवारीस पतंगासाठी ती साऱ्यांना खुली होते, हा या शहराचा मोठेपणा. एरवी जिन्याच्या दाराला कुलूप. तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या भाडेकरूने काय करावे? त्याच्या हातात एकच कोपरा उरतो, रस्त्यावरचा सज्जा. आणि तो कोपरा शहराचा आहे, १७२७ पासून.

येथे कायदा नेमका कोणी करायला हवा होता हे उघड आहे. स्टॉकहोमच्या खिडकीतून दिल्लीला किंवा वॉशिंग्टनला जावे लागू नये, असा एक लहानसा स्थानिक नियम, की दर्शनी बाजूस तबकडी नको, पण त्या बदल्यात इमारतीतल्या प्रत्येक बिऱ्हाडाला गच्चीवर तीन फूट जागा मिळेल. किंवा एका इमारतीला एकच छतरी आणि तिच्यातून सर्वांना तार. असे काही करणे महानगरपालिकेच्या आवाक्यात होते. आपल्याकडील वारसा-नियमांचा भर मात्र वास्तूवर राहिला. मुंबईने १९९५ मध्ये वारसा-वास्तूंसाठी जे नियम केले आणि ज्यांचे अनुकरण पुढे अनेक शहरांनी केले, त्यांचाही कल इमारतीची प्रत ठरविणे, तिला धक्का लागू न देणे याकडेच. 'काढा' म्हणणे सोपे असते. 'येथे नको, तेथे लावा' म्हणायला घरात कोण राहते हे पाहावे लागते, आणि संरक्षकाची नजर बहुधा भिंतीपाशी थांबते.

हवामहालापाशी उभे राहिले की या संपूर्ण वादाचे एक जुने रूप दिसते. सवाई प्रतापसिंहाने १७९९ मध्ये उभारलेली ती पाच मजली इमारत वस्तुतः एक भिंत आहे, ९५३ झरोक्यांची. तिचा हेतू जगजाहीर आहे: पडद्यातल्या राजस्त्रियांना बाजार, मिरवणुका, गणगौर व तीजेची वर्दळ पाहता यावी, पण त्या मात्र कोणाला दिसू नयेत. शहरातील सर्वांत सुंदर दर्शनी भाग हा शोभेसाठी उभा राहिला नाही, घराच्या आत कोंडलेल्या माणसांच्या पाहण्याच्या गरजेतून उभा राहिला. पुढे पाहण्याची गरज विसरली गेली आणि शोभा उरली. आज त्याच्या चित्रांवर शहराचे पर्यटन चालते. भाडेकरूच्या सज्जातली छतरी कुरूप आहे यात शंका नाही. पण ती हवामहालाच्याच कामावर रुजू झालेली आहे. ज्या घरांतल्या स्त्रिया अजूनही मोकळेपणी बाजारात जात नव्हत्या, त्यांच्यासाठी १९९३ साली न्यायालयाने 'बिनतारी यंत्र' म्हटलेली ती वस्तू झरोकाच होती.

हवामहालापासून चालत काही मिनिटांवर जंतर मंतर आहे. २०१० पासून ते जागतिक वारसा आहे. परकोटाचे शहर २०१९ मध्ये झाले. सम्राट यंत्राची सुमारे ९० फूट उंचीची चढण २७ अंशांचा कोन करून ध्रुवाकडे जाते, आणि तिच्या दोन्ही बाजूंचे वर्तुळपाद विषुववृत्ताच्या पातळीत बसविलेले आहेत. म्हणजे आजचे सारे भूस्थिर उपग्रह ज्या पातळीत फिरतात त्याच पातळीला ते समांतर आहेत. जवळच जयप्रकाश यंत्र आहे: जमिनीत खोदलेल्या दोन संगमरवरी अर्धगोल वाट्या, आकाशाकडे तोंड केलेल्या. वर ताणलेल्या तारांच्या छेदावर एक कडे. त्याची सावली वाटीत कोरलेल्या रेषांवर पडते, आणि सूर्य आकाशात कोठे आहे ते खाली उलट्या नकाशावर वाचता येते. वाटीचे काही भाग कापून मध्ये पायऱ्या ठेवल्या आहेत. निरीक्षकाने आत उतरावे, आणि एका वाटीत जी जागा मोकळी ती दुसऱ्या वाटीत भरलेली. हे यंत्र जयसिंहाच्या स्वतःच्या कल्पनेतले मानले जाते. १९०१ च्या सुमारास या वेधशाळेचा जीर्णोद्धार झाला, त्या कामात तरुण चंद्रधर शर्मा गुलेरी यांचा सहभाग होता. 'उसने कहा था' या कथेने हिंदी साहित्यात अमर झालेले हेच ते गुलेरी. साहित्यिक माणूस खगोलाच्या वाटीत उतरल्याचे असे उदाहरण विरळाच.

जागतिक वारशाचा दर्जा देताना परकोटातील शहरासाठी विशेष वारसा आराखडा तयार व्हावा, अशी अपेक्षा व्यक्त झाली. असे आराखडे होतील तेव्हा त्यांत तारा, फलक, पाण्याच्या टाक्या आणि छतऱ्या यांच्यासाठी कलमे असतील. तोवर छतरीचीच परिस्थिती पालटलेली असेल. आजच वाहिन्या काचतंतूंतून आणि हातातल्या फोनमधून येऊ लागल्या आहेत. अनेक घरांनी छतरीचे शुल्क भरणे सोडले आहे. निःशुल्क सेवा घेणारी घरे आहेत, ती बहुधा वस्तीच्या गरीब टोकाची. १८८५ आणि १९३३ च्या त्या दोन कायद्यांची जागा घेण्यासाठी संसदेने डिसेंबर २०२३ मध्ये नवा दूरसंचार अधिनियम संमत केला. मराठी घरातली नात बंगळुरूला किंवा पुण्याला नोकरीला गेली, आजी मालिका पाहते ती मुलाने बसवून दिलेल्या नव्या टीव्हीवर.

सज्जातली छतरी मात्र तिथेच आहे. ती लावण्यासाठी घरातल्या माणसाला कोणाकडे जावे लागले नव्हते, म्हणून काढण्याची पाळीही कोणावर आलेली नाही. कंपनीचा माणूस पेटी घेऊन जातो, तबकडी सोडून जातो. तिच्यासाठी पुन्हा शिडी लावणे त्याला परवडत नाही. तिच्या कडा गंजल्या आहेत, रंग उडून खालचा पत्रा दिसतो, आणि दर काही वर्षांनी बाजाराला गेरूचा नवा हात दिला जातो तेव्हा रंगारी तिच्याभोवतीने कुंचला फिरवून पुढे जातो. तिचा खिळा सैल झालेला नसला तर तोंड अजूनही आग्नेयेकडेच असते, ५३ अंशांवर.